रिकामा न राहणारा रकाना

जळगाव, २० सप्टेंबर

ती. मंदाआत्यास,
भूषणचा सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं हो-हो करतो म्हणून कागदावर लिही, असा तुझा हुकूम. तर लिहितो.

गणपतीत तुझ्या फोनवर जे कच्चं ॲप टाकून गेलो, त्याचीच गोष्ट. एकट्या राहणाऱ्या माणसाने सकाळी 'उठलो' हे बटण दाबायचं. नऊपर्यंत दाबलं नाही, तर लांबच्या मुलाच्या ॲपवर सूचना जाते. दिवाळीआधी आयफोन किंवा अँड्रॉइड, एकाच जातीच्या फोनसाठी ते पुरं होईल. मला आयफोन आधी वाटतो. पुण्या-बंगळुरूची मुलं तोच वापरतात आणि वर्गणी तीच भरणार. चाललं नाही, तर पुण्याला नोकरी धरावी लागेल. तुझं मत कळव.

माझ्यावरचा राग असाच मायेचा राहू दे.
तुझा भूषण

धुळे, २६ सप्टेंबर

चि. भूषण यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मत विचारण्याआधी चार दारं फिरला असतास तर पोस्टाचा त्रास वाचला असता. मी फिरले. आमच्या गल्लीत सगळे अँड्रॉइड, बहुतेक मुलांनी वापरून टाकलेले. आयफोन एकच, समोरच्या सुंदरबाईकडे. मुलाने कॅनडाहून पाठवलेला. तो कपाटात, पैठणीच्या घडीत असतो. दसऱ्याला बाहेर काढून हळदकुंकू वाहते. वापरत का नाहीस म्हटलं, तर म्हणाली, फुटना तं पोऱ्याले काय सांगू? तुझं बटण त्या घडीत कोण दाबणार? वर्गणी भरणाऱ्याकडे पाहू नकोस, उठणाऱ्याकडे पाहा.

आणखी एक दोष. 'मुलाचा किंवा मुलीचा नंबर' हा रकाना रिकामा ठेवला, तर तुझं ॲप पुढे सरकतच नाही. मी लग्न केलं नाही हे त्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही. मी माझाच नंबर घातला. सोमवारी बटण दाबायचं विसरले. नऊला माझ्याच फोनवर सूचना आली, मंदाबाई अजून उठल्या नाहीत, कृपया चौकशी करा. मी तेव्हा भाजी निवडत होते. चौकशी केली. बरी होते.

हा रकाना सुधार. जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ आहे, तो गृहीत मात्र धरू नकोस.
मंदाआत्या

जळगाव, ३ ऑक्टोबर

ती. मंदाआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यावर त्या दिवशी काम झालं नाही. अँड्रॉइड आधी, हे ठरलं. रकान्यावर आता 'जवळच्या माणसाचा नंबर' असं लिहिलं आहे. तुझ्या फोनमध्ये तिथे बाबांचा नंबर घाल. माझा आयफोन, त्याच्यावर तुझी सूचना येणार नाही. म्हणून बाबांचा जुना अँड्रॉइड कपाटातून काढला. ते गेल्यापासून बंद होता. काच तडकली आहे, पण चालतो. आता माझ्या टेबलावर असतो.

पुढचं दिवाळीनंतर. कृपा असावी, आणि थोडी शाबासकीही.
भूषण

धुळे, ११ ऑक्टोबर

चि. भूषण यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझ्या भावाचा, नवलचा नंबर घातला. बोटांना तो अजून पाठ आहे.

मंगळवारी मी मुद्दाम बटण दाबलं नाही. चाचणी घेतल्याशिवाय मी मार्क देत नाही. नऊला तुझा फोन आला, तो उचलला नाही. मग सुंदरबाई पिठाच्या हातांनी धावत आली आणि दार बडवू लागली. तू तिच्या घरच्या लँडलाइनवर कळवलंस हे बरं केलंस. मला धडधाकट पाहून तिने गल्लीला ऐकू जाईल इतक्या शिव्या घातल्या, मग चहा घेतला. माझ्या स्वयंपाकघरात दुसरा कप बऱ्याच दिवसांनी निघाला. त्याच्या तळाला धूळ होती.

तू पास झालास. दिवाळीनंतर पुण्याला जावं लागलंच, तर तो तडकलेला फोन बरोबर ने.

आता रोज उजाडताच बटण दाबते. नवलच्या फोनवर त्याने काही वाजत नाही, तूही तेव्हा झोपलेला असतोस, ठाऊक आहे. तरी दाबल्यावर थोडा वेळ फोन हातात धरून बसते, मग चूल पेटवते.

उत्तराची घाई नाही. माया असू दे.
मंदाआत्या