शेळीचं काय झालं?

रविवार, ८ फेब्रुवारी
सिनेमा पाहिला. सोबत बायको आणि तिचा भाऊ. बर्फात अडकलेला माणूस, एक झोपडी, एक शेळी. खायला काही नाही. शेवटी लोक येऊन दार उघडतात, माणूस जिवंत बाहेर येतो, हातात नुसता रिकामा दोर. लांब कुठेतरी घंटा वाजते. अंधार. संपला.
मेव्हणा थिएटरातच मोठ्याने म्हणाला, खाल्ली! दिवसभर लोकांचे दात उपटणारा माणूस, त्याला कलेतलं काय कळणार, कप्पाळ? शेळी सोडून दिली त्या बर्फातल्या माणसाने. स्वतः उपाशी राहिला. घंटा म्हणजे तिचं स्वातंत्र्य.
बायको म्हणाली, मग त्याचे गाल एवढे भरलेले कसे? काही लोकांना गालच दिसतात.

सोमवार, ९
माझ्या चष्म्याच्या दुकानात हाच विषय. एका आजोबांचा नंबर तपासताना शेवट उलगडून सांगितला. ते म्हणाले, आधी काच बदला, मला काही दिसत नाहीये.
घरी बायकोने विचारलं, तू असतास तर? म्हटलं, मुका जीव खायचा? त्याच्या तोंडचा घाससुद्धा घेणार नाही. प्राण गेला तरी नाही. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. भारावली असावी.

मंगळवार, १०
बायको माहेरी. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. मांजर माझ्याकडे. म्हातारी आहे, आजारातून उठतेय. पोटात गेलं नाही तर हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. फक्त उकडलेलं चिकन, बिनमिठाचं. डबा भरून ठेवलाय.
बायको म्हणत होती, भावाकडे ठेवते. माझा अपमान! म्हटलं, मी आहे ना. निघताना तिचे डोळे भरून आले. मांजर लग्नाआधीपासूनची, माझ्याहून सीनियर.

बुधवार, ११, सकाळ
ठरलं. आज कडकडीत उपास. समोर प्राणी, समोर अन्न, आणि मी अढळ. सिनेमाचा शेवट सिद्ध करणार. मेव्हण्याला तसा मेसेज टाकला. त्याने नुसती हसणारी तोंडं पाठवली.

दुपार
चहा घेतला. सिनेमातला तोही बर्फ वितळवून पाणी पीत होताच की. चहातली बिस्किटं धरायची नाहीत.

थोड्या वेळाने
डबा उघडून वास घेतला. खराब झालं असेल तर? आजारी जिवाला द्यायचं म्हणजे जबाबदारी. चव बघणं कर्तव्यच होतं. अगदीच बेचव. थोडी सुधारणा करून पुन्हा पाहिली.

आणखी थोड्या वेळाने
डबा रिकामा. मांजर उठली. डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.  पायात चपला घातल्या.

संध्याकाळ
चिकनचं दुकान बंद. दुसरं लांब. मेव्हण्याला फोन केला, मांजरीसाठी चिकन हवंय म्हणून. कारण सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही. स्वतः उकडून घेऊन आला. मांजर त्याच्या मांडीवर बसून सगळं जेवली. तो हसला नाही, तेच जास्त झोंबलं.

गुरुवार, १२
बायको आली. मांजरीला उचलून पोटाशी धरलं. मेव्हण्याने तोंड उघडलेलं नाही, माणूस बरा आहे. चिकन संपलं का, तिने विचारलं. संपलं, म्हटलं. खोटं काय त्यात?
मग तिने सिंकमधला डबा आणून माझ्यासमोर ठेवला. तळाला लिंबाच्या बिया, कडेला लाल तिखट. म्हणाली, ही लिंबू पिळून खाते, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.
शेळी खाल्ली त्याने. पहिल्याच दिवशी.