गाडी चालवतं कोण

नाना, आज सातपूरला जाऊन पिकअपला चार नवे टायर घातले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी टायरची गोष्ट सांगायला मला दुसरं माणूस सुचत नाही. याचं नवल वाटतं की राग येतो, ते अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

गाडी धाकटा चालवतो, माझा भाऊ. पेठच्या बाजूच्या पाड्यांवरून बायकांच्या गटांची नागली आणि थंडीत स्ट्रॉबेरी आम्ही नाशिकला आणून विकतो. गिऱ्हाईक मी बघते, रस्ता तो. गेल्या आठवड्यात पहाटे पाड्यावरून उतरताना गाडी घसरली. या दिवसांत तिकडे दव इतकं पडतं की चिकण मातीचा रस्ता नुकता सारवल्यासारखा होतो, आणि आमचे टायर साधे, डांबरी रस्त्याचे. मागचं चाक कडेवरून खाली गेलं, गाडी आडवी फिरली, स्ट्रॉबेरीचे क्रेट दरीत उडाले आणि डावं दार सागाच्या बुंध्यावर आदळून गाडी अडकली. दाराचा पत्रा फाटून थेट गिअरपर्यंत आत आला होता. त्या सीटवर एरवी मी बसते. धाकट्याने मला फोन केला तो हसतच. "ताई, दरीतल्या माकडांची आज पार्टी हाय," म्हणाला, आणि पुढचं वाक्य बोलायच्या आत त्याला उलटी झाल्याचा आवाज आला. मी पोचले तेव्हा तो रस्त्यात उकिडवा बसून केसांतल्या काचा एकेक करून काढत होता. त्याच्या कपाळावरचं रक्त एव्हाना सुकलं होतं.

म्हणून आज टायर. दुकानदार तुमच्याच काळातला, तुम्हाला ओळखणारा. दार ठोकून सरळ करून आणलेली आमची गाडी बघून त्याने दोन टायर लोळवत आणले. एक चिखलाचा, मोठमोठ्या ठोकळ्यांचा, ज्याला हल्ली सगळे मड टायर म्हणतात. दुसरा ऑल टेरेन, म्हणजे थोडा मातीचा आणि थोडा डांबराचा. त्याचे ठोकळे लहान, जवळजवळ, आणि प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा. दवाने ओल्या झालेल्या रस्त्यावर त्या चिराच पकड देतात. मी वाकले आणि अंगठ्याचं नख रबरात दाबलं. सकाळचा गारठा होता. चिखलाच्या टायरमध्ये नख रुतलं नाही, दुसऱ्यात रुतलं. थंडीत जे रबर मऊ राहतं तेच रस्ता धरतं, हे तुमच्या टायरच्या दुकानात शिकले. नख दाबून झाल्यावर लक्षात आलं की अंगठा तुमच्यासारखा वाकडा करून दाबला होता.

मग दुकानदाराने विचारलं, "गाडी चालवतं कोण?"

तुम्ही हाच प्रश्न विचारायचात. गिऱ्हाईक म्हणायचं, टायर दाखवा, आणि तुम्ही स्टुलावरून न उठता म्हणायचात, "आधी सांगा, गाडी चालवतं कोण?" म्हातारा असेल तर वेगळा टायर, घाई करणारा असेल तर वेगळा. पुढच्या चाकाला रिमोल्ड, म्हणजे झिजल्यावर नवं रबर चढवलेला टायर मागणाऱ्याला तुम्ही हाकलून द्यायचात. तुमच्या टायरने कुणी मेला नाही. हे मला लिहायलाच हवं, नाहीतर पुढचं लिहायचा मला हक्क नाही.

एक दिवस आठवतो. तुमच्या दुकानासमोर ट्रक उभा आहे. तुम्ही टॉमीने, त्या हातभर लोखंडी पहारीने, एकेक चाक ठोकत जाता आणि कान देता. हवा भरलेली असेल तर पहार उसळते आणि आवाज टणक येतो. कमी असेल तर नुसती थप्प होते. धाकटा शाळेतून आलेला, अजून दप्तर पाठीवर. तुम्ही त्याच्या हातात टॉमी देता आणि सांगता, जोडचाकातलं आतलं चाक बघ. तो ठोकतो, म्हणतो, "भरलंय नाना." ट्रक निघून जातो आणि संध्याकाळी परत येतो, आतल्या टायरच्या चिंध्या मडगार्डवर लोंबत, ड्रायव्हर आईबहिणीवरून शिव्या देत. तुम्ही ड्रायव्हरला एक शब्द बोलला नाहीत. धाकट्याला शर्टाला धरून त्या चाकापाशी नेलंत. "ऐकू येत नाही का रे तुला? येत नाही ऐकू?" आणि उघड्या पंजाने कानावर मारलीत. एकदा नाही. तो पडला, तुम्ही त्याला उठवून पुन्हा मारलीत. शेवटी त्याचं डोकं रिमवर आपटलं तेव्हा लोखंडाचा आवाज आला, आणि त्या आवाजाने तुम्ही थांबलात. डाव्या कानातून रक्ताची रेघ मानेवर उतरली. त्या कानाने त्याला पुन्हा ऐकू आलं नाही. डॉक्टरांना आपण सांगितलं, पायरीवरून पडला.

त्याच वर्षीची खंडेनवमी. आई दरवर्षी दुकानातली हत्यारं धुऊन पाटावर मांडायची, जॅक, पाने, हातोडे, टॉमी, आणि सगळ्यांना हळदकुंकू लावायची. त्या वर्षी तिने टॉमी वगळली. तुम्ही विचारलंत, "हिला का नाही?" आई मान वर न करता म्हणाली, "तिचं काय काम आता? पोराला मारलं ते हातानं. द्या इकडं हात, त्याला लावते." आणि खरंच कुंकवाचं बोट पुढे करून बसली. मला आजही वाटतं, तुम्ही हात पुढे केला असतात तर आपलं घर वेगळं झालं असतं. तुम्ही ताटाला लाथ मारलीत, मग तिला. जॅकच्या कडेवर तिची भुवई फुटली. मी फरशी पुसत होते. कुंकू पाण्याने फिकं होत गेलं आणि जे फिकं होईना ते तिचं रक्त होतं. संध्याकाळी तुम्ही दुकान उघडलंत आणि एका गिऱ्हाइकाला विचारलंत, गाडी चालवतं कोण.

तर आज दुकानदाराने विचारलं आणि मी म्हणाले, "माझा भाऊ. डाव्या कानाने ऐकू येत नाही त्याला. लहानपणी पडला होता."

"पडलो नाय काका," धाकटा म्हणाला. "बापानं हाणली."

दुकानदार म्हणाला, "हात जड होता नानांचा. पण टायरमधला असा माणूस आमच्या लाईनीत पुन्हा झाला नाही."

"मग त्यांनाच बोलवा ना चालवायला," धाकटा हसला. "मला ते मोठ्या ठोकळ्याचे टाका. परत घसरायचं नाय मला."

मी नको म्हणाले. मातीवर ते धरतील, पण बराचसा रस्ता डांबराचा आहे, आणि ते टायर डांबरावर घोंगावतात. घाटात प्रत्येक वळणावर समोरच्याचा हॉर्न ऐकावा लागतो. माणसाकडे एकच कान, तो खिडकीकडचा, आणि त्यातही दिवसभर गोंगाट भरायचा? हे मी समजावून सांगायला हवं होतं. मी दुकानदारासमोर म्हणाले, "तुला हॉर्न ऐकू यायचा नाही. तुला तसंही काय ऐकू येतं?"

"दरीत मी लटकत होतो, तू नाय," असं ओरडून त्याने भिंतीजवळची टॉमी उचलली आणि चिखलाच्या टायरवर जीव खाऊन हाणली. कडक रबरावरून ती उसळली, त्याच्या हातातून सुटली आणि माझ्या कानशिलाला वारा घालून मागच्या पत्र्यावर आदळली. बोटभर अलीकडे आली असती तर हे लिहायला मी नसते. मी त्याच्यापाशी गेले आणि माझा हात वर गेला. दरीतले क्रेट वर ओढताना उजवं मनगट मुरगळून पट्टीत होतं, म्हणून डावा. तो त्याच्या उजव्या गालावर पडला असता, चांगल्या कानावर.

नाना, त्याने काय केलं माहीत आहे? त्याने डोळे मिटले आणि मान फिरवली. डावी बाजू पुढे केली, बहिरी. चाळिशीला आलेला माणूस, विचार न करता, सवयीने. मारायचं तर इथे मार, इथे आता काही उरलेलं नाही. तुम्ही असताना तो किती वेळा असा उभा राहिला असेल, आणि मी त्याच घरात असून पाहिलं कसं नाही?

माझा हात न मारताच खाली आला. दुकानदाराने ऑल टेरेन चढवले. हवा भरून झाल्यावर धाकट्याने टॉमी शोधून आणली, माझ्यापुढे धरली आणि टायरशी गुडघे टेकून उजवा कान जवळ नेला. "ताई, तू मार. मी ऐकतो." मी अगदी हळू मारली. "अगं जोरात, टायर हाय तो, रडणार नाय." मग मी जोरात मारली. "भरलंय," तो म्हणाला, आणि मी पुढच्या चाकाकडे गेले.

घरी येताना प्रत्येक हॉर्नला ओ दिल्यासारखी मान हलवत तो गाडी चालवत होता. मी डाव्या सीटवर बसले होते, त्या ठोकून सरळ केलेल्या दाराला टेकून. त्याला काही सांगितलं नाही. हे पान कुठेच जाणार नाही, म्हणून इथे लिहिते. चौथ्या चाकापर्यंत टॉमीचं वजन माझ्या मुठीत नीट बसलं होतं, आणि ती खाली ठेवायला मी जरा उशीर केला.