रानडुकरांसाठी डबल बॅरल

७ मे १९९५, रविवार
विट्याला मेव्हण्याच्या मुलीचं लग्न. वरातीत आमच्या गावचा नाथाजी बंदूक खांद्याला लावून पुढे. तालमीतला माणूस, मान नाहीच, डोकं थेट खांद्यावर. मी नवा सफारी घातलेला. सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, "गंगाधर, सफारी हँगरसकट घातलास का रं?" दोनशे माणसं हसली. माझी बायको उमा पण हसली. (म्हणते, खोकला आला होता.)
याचा बदला घेणार. आज तारीख लिहून ठेवली.

८ मे
विचार शांतपणे केला. मी कॉलेजात केमिस्ट्रीचा लॅब असिस्टंट, सायन्सचा माणूस. लोक नाथाजीला मान देतात तो अंगाला नव्हे, बंदुकीला. मी बंदूक घेणार. त्याची सिंगल बॅरल, म्हणजे माझी डबल.

२२ मे
सांगलीला कलेक्टर कचेरीत अर्ज दिला. कारण : पीकसंरक्षण, रानडुकरं. आमचा ऊस अठरा गुंठे. रानडुक्कर अजून आलेलं नाही, पण येणारच नाही असं कोण सांगेल?

११ जून
परवाना येईपर्यंत तब्येतही करून ठेवणार. रोज चार कच्ची अंडी, शंभर जोर. वजन ४८.

१२ जून
जोर अकरा. उरलेले उद्या.

१९ जून
अंडी बंद. पोट बिघडलं. अंडी जुनी असावीत. वजन ४७, पण लॅबचा काटा दमट हवेत कमी दाखवतो.

३ ऑगस्ट
चौकशीला हवालदार घरी आले. उमाला विचारलं, यांना बंदूक द्यायला तुमची हरकत आहे का? ही म्हणाली, "द्या की. तेवढंच वजन वाढंल." हवालदार चहा सांडेपर्यंत हसले. उमाशी दोन दिवस अबोला.

४ ऑगस्ट
अबोला सोडला. डबा तीच करते.

१७ फेब्रुवारी १९९६
परवाना आला!!! साताऱ्याला जाऊन बंदूक आणली. दुकानदार म्हणत होता, साहेब, हलकी सिंगल घ्या, तुम्हाला झेपेल. त्याच्याकडे नुसतं बघितलं. डबलच घेतली. एसटीत चादरीत गुंडाळून आणली, तर शेजारच्या आजी विचारतात, पडद्याचा दांडा का?
संध्याकाळी बंदुकीसकट वजन केलं. ५१. प्रगती आहे.

२५ फेब्रुवारी
आज बदल्याचा दिवस. बंदूक खांद्याला लावून नाथाजीच्या दारावरून तीन वेळा गेलो. नाथाजी कराडला गेला होता. त्याची बायको चंद्राबाई म्हणाली, "आवं, दमला असाल, पानी घ्या." घेतलं. खांदा चार दिवस दुखणार असं दिसतं.

२५ मार्च
इलेक्शन लागलं. सगळ्या बंदुका पोलिस स्टेशनात जमा करायच्या. सव्वा महिना झाला, अजून एक गोळी उडवलेली नाही. हा अन्याय आहे. पण नाथाजीही तिथे येणार. रांगेत समोरासमोर!

२९ मार्च
आजचं पान लाल शाईनं लिहितोय. आनंदानं.
रांगेत साताऱ्याहून आलेल्या मयूरी नावाच्या मॅडम भेटल्या. त्यांचं संशोधन चालू आहे : पुरुषांना स्वतःच्या अंगाबद्दल काय वाटतं, आणि त्याचा बंदूक बाळगण्याशी काही संबंध आहे का. बंदूकवाले सगळे एका जागी सापडतात म्हणून आल्या होत्या. नऊ पुरुषांची चित्रं असलेला कागद. एक नंबर काटकुळा, नऊ नंबर पहिलवान. आपण जसे दिसतो त्यावर खूण करायची, जसं दिसावंसं वाटतं त्यावर फुली. मी सातवर खूण केली. मॅडमनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत कागदाकडे. प्रभावित झाल्या असाव्यात. पुढचा प्रश्न : अंगावरून कुणी बोलल्यामुळे बंदूक घ्यावीशी वाटली का? लिहिलं, नाही. रानडुकरं.
माझ्या पुढे नाथाजी. सहज मान लांब केली. त्यानं खूण केली होती दोनवर! फुली नऊवर. मी बघतोय हे त्याला कळलं. कानाशी येऊन म्हणाला, "गड्या, कुनाला सांगू नगस." मी शब्द दिला.

२९ मार्च, संध्याकाळी
शब्द दिला, पण लेखी नव्हे.

३० मार्च
अर्जुनाच्या चहाच्या गाड्यावर सगळं सांगितलं. पंधरा-वीस जण होते. काय हसले! "नाथाजी आन् दोन नंबर?" ज्योतिबाच्या नाकातून चहा आला. जवळजवळ अकरा महिने ज्याची वाट बघितली ते हेच. मग अर्जुनानं विचारलं, "आन् तुमी कुठलं धरलं, लॅबवाले?" मी म्हणालो, सात.
नंतरचं हसणं जास्त वेळ चाललं. पण ते नाथाजीच्याच गोष्टीचं उरलेलं असावं.

४ एप्रिल
नाथाजी पाच दिवस तालमीत नाही. गाड्यावर नाही. संपूर्ण विजय. गावात मला "ओ सात नंबर" म्हणतात, पण ते प्रेमानं.
उमा म्हणाली, चंद्राबाई रडत होती, नाथाजी धड जेवत नाही, आरसा उलटा करून ठेवलाय. मग म्हणाली, "त्यांनी तुमची थट्टा केली, तुम्ही त्यांचा जीव घेतलात." मी म्हटलं, मी फक्त संशोधनाचा निष्कर्ष सांगितला. ती उठून आत गेली. जेवण गेलं नाही. उन्हाळा आहे.

७ एप्रिल, रविवार
नाथाजीकडे जाऊन आलो. माफी मागायला नव्हे, चौकशीला.
बनियनवर पडवीत बसला होता. मारेल असं वाटलं, म्हणून उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. तो म्हणाला, "ये, बस." चंद्राबाईनं चहा आणला, माझ्यापुढे ठेवताना कप जरा आपटलाच. बशीत ओतून चहा संपवला. मग म्हणालो, चुकलं माझं. (चौकशीच्या ओघात तोंडातून गेलं.)
नाथाजी म्हणाला, "धा वर्सं तालीम केली, पर आरशापुढं उबा ऱ्हायलो की बारीकच दिसतो. मग बंदूक घेतली. ती हातात आसली की जरा बरं वाटायचं. आता ती बी न्हाई." मग मान खाली घालूनच विचारलं, "खरं सांग, मी बारीक दिसतो व्हय रं?"
मी म्हणालो, न्हाई गड्या. शपथेवर. बैल दिसतोस.
आठवड्यात पहिल्यांदा हसला. चहा घेतला. वातावरण एकदम मोकळं झालं. मला वाटलं, आपणही विचारून घ्यावं. विचारलं, "आणि मी? मी बारीक दिसतो का?"
नाथाजीनं मला डोक्यापासून पायापर्यंत नीट बघितलं. बराच वेळ. माणूस मनानं प्रामाणिक आहे, हे आज कळलं.
म्हणाला, "तू हाईसच."