एकडोळ्या मेंढक्याची ओवी

रवि. ११ जाने., कासुर्डी
चौफुल्यापर्यंत एसटीत उभ्यानं आले. पायांचे तुकडे पडले. पिशवी टेकवते तोच आबांचा नेहमीचा प्रश्न, कॉलेजात काय शिकवतीस सध्या. मी दर रविवारी "इंग्रजी" म्हणते आणि विषय तिथंच मिटतो. आज काय झालं कोण जाणे, बापाला सगळं सांगत बसले. तीस तारखेला माझं व्याख्यान आहे, 'ग्रीक पुराणकथांचा कला आणि साहित्यावरील प्रभाव'. तासिका तत्त्वावरच्या बाईला एवढा मान कधी मिळत नाही.

आबा म्हणाले, त्यातली एक सांग. मेंढरांची आठवली. एका डोळ्याचा राक्षस गुहेत मेंढरं राखतो. एक राजा माणसं घेऊन न विचारता आत शिरतो, दूधदुभतं खातो. राक्षस त्याची माणसं खातो. मग राजा त्याला दारू पाजतो, झोपेत डोळा फोडतो, आणि सकाळी सगळे मेंढ्यांच्या पोटाला लोंबकळून बाहेर सटकतात. आंधळा राक्षस दारात बसून प्रत्येक मेंढीच्या पाठीवर हात फिरवतो, त्याला पत्ता लागत नाही.

आबा हसले नाहीत. म्हणाले, "पाठीवर? मेंढक्याचा हात पोटाखाली जातो, कासेला. ही गोष्ट रचणारानं मेंढरू राखलेलं न्हाई."

इतकी पुस्तकं चाळली, हा मुद्दा कुठं वाचला नाही. वर आणखी म्हणाले, आपली मेंढी मांडीएवढी, गडी खाली लोंबकळला तर त्याची पाठ सोलून निघंल. वहिनी हसून हसून बेजार.

मंगळ. १३, शिरूर
चित्रं शोधली. जुन्या ग्रीक रांजणावर मेंढ्याच्या पोटाखाली माणूस, काळ्या रंगात, अगदी झोकात. नंतरच्या चित्रकारांनी राक्षस कुणी दांडगा काढलाय, कुणी बिचारा. कवींनी तर त्याला प्रेमातसुद्धा पाडलंय, समुद्रातल्या पोरीच्या. एकच गडी, पण जो येतो तो आपल्याला हवा तसा करून घेतो. का पण? आणि त्यालाच का, राजाला का नाही? टिपणात हे दोन्ही प्रश्न लिहून ठेवले.

रवि. १८, कासुर्डी
आबांनी रांजणाचं चित्र मोबाइलवर मोठं करकरून पाहिलं. मेंढा ब्येस काढलाय म्हणाले. याला म्हणतात दाद.

मग विचारलं, आंधळा झाल्यावर तो मेंढका काय म्हणाला. मी सांगितलं, सगळ्यात शेवटी मोठा मेंढा निघाला, त्याच्याखाली राजा होता. राक्षसानं मेंढ्याच्या अंगावर हात ठेवून विचारलं, बाबा, रोज तू सगळ्यांच्या पुढं असतोस, आज मागं का?

आबा उठून गोठ्याकडं गेले. मला वाटलं कंटाळले. थोड्या वेळानं वहिनी हळूच येऊन म्हणाली, गुणगुणायला लागल्यात.

नाना गेल्यापासून आबांनी गाण्यासाठी तोंड उघडलं नव्हतं. चार वर्षं झाली. नाना त्यांचे चुलतभाऊ आणि धनगरी ओवीतले जोडीदार. एकानं ओळ टाकायची, दुसऱ्यानं उचलायची. जोडीदार गेला तशी बिरोबाच्या यात्रेत आमच्या घरची ओवी बंद पडली. मेंढरं विकली तेव्हा आबा रडले नव्हते, पण त्या पहिल्या यात्रेला दार लावून बसले होते. आज गोठ्यामागून तो आवाज ऐकला आणि मला रडू आलं. खरंच आलं, लपवायचं काय त्यात.

बुध. २१, शिरूर
दुसरा तास चालू असताना आबांचा फोन. जीव उडाला, काही झालं की काय. तर म्हणे, त्या मेंढक्याचा देव कुठला?

ओवीच्या आधी देव बोलवावे लागतात, नावानं आणि गावानं. गाव चुकलं तर देव येत नाही, असं आबांचं ठाम मत. मी व्हरांड्यात उभी राहून सांगितलं, राक्षसाचा बाप समुद्राचा देव. "समुद्राचं गाव कोणतं?" हे मला एम.ए.ला कुणी विचारलं नव्हतं. आमच्या विभागप्रमुख जगताप मॅडम समोरच होत्या, त्यांना वाटलं घरी जमिनीचं काही चाललंय.

शेवटी आबांनीच निकाल लावला. बिरोबालाच बोलवतो, मेंढका म्हणल्यावर त्यो येतोच.

शनि. २४, कासुर्डी
भांडण.

सकाळी आबांनी बारा ओळी म्हणून दाखवल्या. मी रेकॉर्ड केल्या. गुहेची वाघर झाली होती, जाळी लावून आत मेंढरं कोंडलेली. राजा बेटावर उतरायच्या ऐवजी भीमेच्या पुरातून पलीकडं लागला होता. व्याख्यानाच्या शेवटी हेच ऐकवायचं ठरवून टाकलं मी मनात. आणि राक्षस झोपला तिथं आबा थांबले. पुढं? पुढं न्हाई. "मी मेंढक्याचा डोळा फोडणार न्हाई."

मी समजावलं. डोळा फुटल्याशिवाय मेंढ्याखालून पळणं नाही, पळणं नाही तर मेंढ्याशी बोलणं नाही, गोष्टच मोडते. तर म्हणे पाहुण्यानं घरधन्याचा डोळा फोडायचा आणि आपण त्या पाहुण्याला शहाणा म्हणायचं, हे त्यांना जमणार नाही. मी म्हटलं, अहो त्यानं माणसं खाल्ली. आबा म्हणाले, "मंग त्याला दुसरी सजा द्या. मेंढक्याचा डोळा म्हंजी त्याचा अख्खा कळप हाय."

मी नको ते बोलले. म्हटलं, मूळ गोष्ट अशीच आहे, तुमच्या मनासारखी बदलता येत नाही. यंदा यात्रेत ही ओवी म्हणणार का विचारलं तर आबा म्हणाले, बघू. मी दुपारच्याच गाडीनं परत निघाले. हातातोंडाशी आलेली ओवी मीच घालवली.

शुक्र. ३०, शिरूर
व्याख्यान झालं. बरं झालं. हॉल अर्धा भरला होता, मागच्या बाकांवर मोबाइल. तरी रांजणाच्या चित्राला पोरं सरसावून बसली.

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, या गोष्टी जिवंत राहिल्या कारण प्रत्येक काळानं त्या बदलल्या. कुणी राक्षसाला खलनायक केलं, कुणी प्रेमवीर, कुणी परक्यांनी लुबाडलेला धनगर. मूळ गोष्ट कुणाच्या मालकीची नसते. टाळ्या. आणि मला शनिवारचं माझंच बोलणं आठवलं. सगळ्या युरोपाला परवानगी, आणि बापाला नाही?

जगताप मॅडमनी विचारलं, आपल्याकडचं एखादं उदाहरण? पर्समध्ये मोबाइल, मोबाइलमध्ये आबांचा आवाज. पण त्यांना न विचारता कसं लावणार. "नाही" म्हटलं. कसंतरीच झालं, आपलं माणूस ओळखत नाही म्हटल्यासारखं.

रवि. १ फेब्रु., कासुर्डी
चुकलं म्हणायला गेले. आबांना माफी मागितलेली आवडत नाही, म्हणाले चहा घे आधी. मी म्हटलं, आबा, डोळा नका फोडू. तुमची गोष्ट तुम्ही सांगा.

आबा म्हणाले, आठवडाभर दुसरी वाट हुडकली, सापडली नाही. डोळा गेल्याशिवाय तो मेंढ्याशी तसं बोलणारच नाही. "तू म्हनलीस त्ये खरं हाय. फुटायलाच पायजे."

मग बराच वेळ सुपारी कातरत बसले. आणि म्हणाले, मी मेंढक्याची बाजू म्हणतो, राजाची तू उचल. वहिनी आतून म्हणाली, यात्रेत ओवीला बायका कुठं बसतात आबा? आबांनी ऐकलं न ऐकलं केलं. माझ्याकडं बघून म्हणाले, "राजा तुला आवडतो. त्याच्या ओळी तूच कर. डोळा तुझ्या ओळीत फुटू दे, माझ्यानं व्हनार न्हाई."

नानांची जागा. मला. हो म्हटलं आणि वही काढली.

मंगळ. ३, शिरूर
यात्रेला बारा दिवस. राजाच्या सात ओळी झाल्या. बऱ्या आहेत. राजा जळका ओंडका घेऊन झोपलेल्या मेंढक्याजवळ उभा आहे. आठवी होत नाही. व्याख्यानात हा डोळा मी एका वाक्यात फोडला होता. दोनदा लिहिलं, दोन्हीदा खोडलं. त्याच्या दाराशी मेंढरं उभी दिसतात आणि

मधेच आबांचा फोन. फोडलास का?

म्हटलं, नाही अजून.

"बरं," म्हणाले, आणि ठेवला. बरं म्हणजे काय? घाई कर म्हणून, की नको फोडू म्हणून? आवाजावरून काही कळलं नाही.