‘नको’वर केलेली सही

टल्सा, मंगळवार

प्रिय डॅडी,

वेंडेल अपघातातून सावरतोय. काल सूप प्यायला आणि तुमचा जावई नर्सला म्हणाला, “मीठ काय घरी विसरलीस?” उजवा पाय मात्र गुडघ्याखालून काढावा लागला. ठोकणाऱ्याच्या गाडीचा विमाच नव्हता.

अशा वेळी आपलीच विमा कंपनी भरपाई देते, असं एक कलम पॉलिसी घेताना मी वाचलं होतं आणि “नको” म्हणून सही केली होती. विमा कायद्याने सक्तीचा, म्हणजे सगळे काढतातच, असं मला वाटलं.

वेंडेल म्हणतो, “आपला विमा फुल कव्हरेजचा, सगळं भरून देणारा आहे ना? मग रडतेस कशाला, वेडे?” मी “हो, आहे” म्हणाले.

मॉमचा खोकला कसा आहे? तिला एवढ्यात काही सांगू नका. आणि डॅडी, वेंडेलला मी खरं कसं सांगू?

तुमचीच,
लीटा