तिसरी पायरी, डावीकडून चौथी जागा

३ नोव्हेंबर, सोमवार

"आपण कोणाच्या बदली?" — वाचनालयाच्या चिटणिसांनी चष्म्यावरून पाहत विचारले.

मी म्हटले, कोणाच्याही नाही. तिसरी पायरी, डावीकडून चौथी जागा माझी आहे. तेहतीस वर्षे बाहेर होते; निवृत्त होऊन आता कायमची परतले आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचनालयाच्या पायऱ्यांवर गावाचे वार्षिक छायाचित्र निघेल, त्यात मी उभी राहीन. तशी नोंद घ्यावी.

त्यांनी यादीवरून बोट फिरवले. "ही जागा भरलेली आहे."

"कोणी भरली?"

"तुम्ही."

मग आवाज खाली आणून, अडाण्याला समजवावे तसे — "बाई, स्वतःच स्वतःची बदली होता येत नाही. नियम चार."

सारी हयात तर्कशास्त्र शिकवले. इतके ठाम आणि इतके मूर्ख विधान उत्तरपत्रिकांतही वाचल्याचे स्मरत नाही!

४ नोव्हेंबर, मंगळवार

नियमपत्रिका मागवून घेतली. दीड पान. भाषा भोंगळ, क्रमांक सुबक.

सारांश असा. पायऱ्यांवर एकाहत्तर जागा आहेत आणि प्रत्येक जागा कोणाची तरी आहे. जागा रिकामी दिसता कामा नये — "दात पडल्यासारखे दिसते" असे शब्द चक्क नियमात आहेत. (नियम एक.) कोणी परगावी गेले तर घरच्यांनी बदली नेमावी. बदलीने केवळ छायाचित्रात उभे राहून भागत नाही. वर्षभर लग्नाला, मयताला, सभेला त्याच व्यक्तीच्या नात्याने जावे. आणि नियम सहा — बदलीने जे केले ते मूळ व्यक्तीनेच केले, असे समजावे.

मी गेले त्या वर्षी आईने माझ्या जागी कोपऱ्यावरच्या शिवणवालीला उभे केले. एका वर्षापुरते. ते वर्ष अजून संपलेले नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार उठून उभा राहिला. "गुडघा कसा आहे?"

"माझे गुडघे उत्तम आहेत."

"असं कसं? मागच्या आठवड्यात तर जिना चढवत नव्हता तुम्हाला!" मग माझ्या चालण्याकडे संशयाने पाहत राहिला. मी सरळ चालत बाहेर पडले, याचे त्याला मनापासून वाईट वाटलेले दिसले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

भावाच्या दिवाणखान्यात — म्हणजे आमच्याच, पण आता तसे म्हणणे चुकीचे — भिंतीवर दोन प्रशस्तिपत्रे टांगलेली आहेत. दोन्ही माझ्या नावाची. एक वाचनालयाला आग लागली तेव्हा जळते पडदे ओढून काढल्याबद्दल. दुसरे सावकाश सायकल चालवण्याच्या शर्यतीत दुसरा क्रमांक आल्याबद्दल.

मला सायकल येत नाही.

भावाला विचारले. तो म्हणाला, "पहिलाच यायचा, पण शेवटी तोल गेला तुमचा."

तो मला 'तुम्ही' म्हणतो. अदबीने, पाहुण्याला पाट द्यावा तसा. पाणी हवं का, पंखा लावू का. मी गेले तेव्हा हा वीस वर्षांचा होता आणि "ताई, ताई" करून जीव खायचा. आता 'ताई' म्हणतो ते निराळ्याच व्यक्तीला. आज दाराशी चपला वाजल्या तसा ओरडला, "ताई आली! चहा टाका."

आत आली ती शिवणवाली. लंगडत. माझी खुर्ची तिने डोळे मिटून शोधली असती.

८ नोव्हेंबर, शनिवार

तिच्याविषयी काल घाईत लिहिले. नीट लिहिते. वय अठ्ठावन्न. ठेंगणी. गळ्यात मापाची फीत. दागिना असावा तशी. शिक्षण बेताचे. बोलणे मोकळे, म्हणजे विस्कळीत. चहाला फुर्र आवाज करते. तेहतीस वर्षे गावाने मला असा आवाज करताना ऐकले आहे!

भावजय हसत म्हणाली, "दोघी शेजारी बसलात, आता कुणाला काय म्हणायचं?"

भाऊ तत्काळ — "त्यात काय! ही ताई. आणि या… या प्राध्यापकबाई."

११ नोव्हेंबर, मंगळवार

चिटणिसांकडे लेखी अर्ज दिला. सोबत जन्मदाखला, निवृत्तीचा आदेश, पदव्यांच्या प्रती. चार मुद्दे, बारा उपमुद्दे. अर्ज एखाद्या प्रबंधासारखा बांधेसूद झाला आहे, हे येथे नमूद करण्यास हरकत नाही.

त्यांनी पाने चाळली. "कागद चोख आहेत हो. कुणाचे आहेत, एवढाच प्रश्न आहे."

"माझे!"

"पण गावात तुम्हाला ओळखणारे दोन साक्षीदार लागतील."

औषधवाल्याला बोलावले. त्याने माझ्या गुडघ्याकडे पाहिले आणि मान हलवली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

संताप. लिहिण्यासारखे काही नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पुराव्यासाठी वाचनालयातली जुनी छायाचित्रे भिंग लावून तपासली. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत.

मी गेले त्याच्या आदल्या वर्षीचे छायाचित्र: डोकी एकाहत्तर. पुढच्या वर्षीचे: सत्तर. दोनदा मोजली. त्यापुढचे सत्तर. सगळीच्या सगळी तेहतीस वर्षे — सत्तर!

चिटणिसांना दाखवले. "अशक्य. जागा दर वर्षी मी स्वतः तपासतो, एक ते एकाहत्तर."

"डोकी मोजता?"

"डोकी कशाला मोजायची? जागा भरल्या की माणसं आलीच."

शेवटच्या पायरीवर, उजव्या खांबाच्या कडेला, एकाहत्तरावी जागा आहे. खांबामुळे तेथे उभ्या माणसाचा अर्धाच चेहरा दिसतो. कोणी नसले तरी दात पडल्यासारखे दिसत नाही. जुन्या छायाचित्रात तेथे एक तरुण मुलगी आहे. एक डोळा, एक कान, आणि गळ्यातल्या मापाच्या फितीचे एक टोक.

माझ्या जागी उभी राहिली तेव्हापासून ती स्वतःच्या जागी नाही. तिला या गावात घरचे कोणी नव्हते. तिची बदली कोण नेमणार? आणि इतक्या वर्षांत एकालाही — एकालाही! — ती दिसली नाही असे वाटले नाही, कारण ती रोज दिसत होती. माझ्या नावाने.

१६ नोव्हेंबर, रविवार

तिच्याकडे गेले. एकच खोली. यंत्र, खडू, तेलाचा वास, चिंध्यांनी भरलेला डबा. एक खुर्ची, त्यावर मला बसवले आणि स्वतः उलट्या घातलेल्या टोपलीवर बसली.

मी सरळ विचारले, जागा सोडाल का?

"आत्ता घ्या! मला काय करायचीय? एक वर्ष म्हणाल्या होत्या आई. मी म्हटलं, विचारतील तेव्हा देऊ. कुणी विचारलंच नाही."

मग बराच वेळ दोरा ओवत राहिली. या महिन्याच्या तीस तारखेला तिच्या भाचीचे लग्न आहे. बहिणीच्या गावी. छायाचित्राच्याच दिवशी! बहिणीच्या घरी ती तेहतीस वर्षांत एकदाही गेलेली नाही — नेमके तेव्हा येथे कोणाचे तरी काही असते आणि मला जावे लागते. म्हणजे तिला. "आणि बदलीला बदली नाही. नियम नऊ," ती म्हणाली. नियम तिला माझ्यापेक्षा चांगले पाठ आहेत.

उठताना मी विचारले. विचारायचे नव्हते. आईच्या शेवटच्या आजारपणात तुम्ही होतात ना?

"होते की. पाच आठवडे. त्या तुमच्या नावानं हाक मारायच्या, मी ओ द्यायचे."

"तिला कळत होतं, मी नाही म्हणून?"

"पहिले आठ दिवस कळत होतं. मग त्यांनी कळवून घ्यायचं सोडलं." दोरा दाताने तोडला. "पण शिव्या मात्र सगळ्या तुमच्याच खाल्ल्या हं मी! 'एवढी शिकलीस, साधी उशी लावता येईना तुला!' — रोज. मी म्हणायचे, चुकलं आई."

त्या पाच आठवड्यांत मी एका परिषदेत निबंध वाचत होते. निबंध वाखाणला गेला. विषय होता — अभाव सिद्ध कसा करावा.

१७ नोव्हेंबर, सोमवार

उशी तिने खरोखर कशी लावली असेल?

२० नोव्हेंबर, गुरुवार

चिटणीस घरी आले. अर्ज मंजूर! भावाने म्हणे दोन साक्षीदार जमवले — स्वतः तो आणि भावजय. "खास बाब म्हणून. रविवारी, तीस तारखेला, तुम्ही तुमच्या जागी उभ्या राहा."

भाऊ मागे उभा होता. त्याचे आभार मानले. "त्यात काय," तो म्हणाला. "ताईनंच सांगितलं."

जिंकले. आनंद होत नाही, याचे कारण शोधत आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कारण सापडले. मी त्या जागी उभी राहिले तर छायाचित्रांच्या रांगेत तेहतीस वर्षे मी आणि चौतिसाव्या वर्षीही मीच. खंड नाही. मी कधी गेलेच नव्हते! पडदे मी ओढले. उशी मी लावली. इतके धडधडीत असत्य, आणि त्यावर माझा चेहरा पुरावा म्हणून चिकटवायचा?

आयुष्यात उत्तरपत्रिकेत दुसऱ्याचे उत्तर उतरवणाऱ्या एकालाही मी सोडलेले नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

नमुन्याप्रमाणे बदलीपत्र तयार केले. तिच्या खोलीत नेले. तिने वाचले, पुन्हा वाचले.

"अहो, हे उलटं झालंय."

"उलटं नाही. सही करा."

"माझी बदली तुम्ही? पण मग तुमच्या जागी कोण?"

"तो माझा प्रश्न आहे. तुम्ही लग्नाला जा."

तिने सही केली. मग मला उभे केले, फीत काढून खांदे मोजले आणि म्हणाली, "खांबापाशी वारा फार असतो. जाड काहीतरी घाला."

३० नोव्हेंबर, रविवार

साडेनऊला पायऱ्यांवर गेले. सरळ शेवटच्या पायरीवर, खांबाच्या कडेला.

चिटणीस जागा तपासत वर आले आणि जागच्या जागी थिजले. "बाई! तुमची जागा खाली!"

"ठाऊक आहे."

"रिकामी आहे!"

"माझी बदली भाचीच्या लग्नाला गेली आहे."

"मग तुम्ही उभ्या राहा ना!"

"स्वतःची बदली स्वतः होता येत नाही. नियम चार."

खालून फोटोवाला ओरडला, "ढग येताहेत, आटपा!" चिटणिसांच्या कपाळाला घाम. "नियम नऊ! बदलीला बदली नाही!"

"तिने बदली म्हणून नव्हे, एकाहत्तराव्या जागेची मालकीण म्हणून मला नेमले आहे. घरचे नसतील तर मालकाने स्वतः नेमू नये, असे नियमात कोठेही नाही. हे पत्र. ही सही."

त्यांनी पत्र उलटसुलट पाहिले. दोष सापडेना. सापडणार नव्हताच, मसुदा माझा होता.

मग कुजबूज पायऱ्यांवरून खाली उतरत गेली — शिवणताई कुठंय, शिवणताई आली नाही, अगं तिची जागा कुठली, तिला जागा होती? औषधवाला मान वळवून वर बघायला लागला, मग पुढची रांग, मग सगळेच. "समोर बघा! समोर!" फोटोवाला घसा फोडत होता. कोणी बघेना. सत्तर माणसांतली एकोणसत्तर तोंडे त्या खांबाकडे.

तसेच छायाचित्र निघाले.

२ डिसेंबर, मंगळवार

छायाचित्र वाचनालयात लागले. चिटणीस म्हणतात, इतके वाईट आजवर निघालेले नाही. सगळी डोकी पाठमोरी. तिसऱ्या पायरीवर, भावजयीच्या शेजारी, मधोमध भगदाड.

डोकी मोजली. सत्तर. वर खांबाच्या कडेला एक डोळा आणि एक कान. कान माझा आहे, यावर साक्ष काढण्याची गरज भासली नाही. भगदाडाकडे मात्र बराच वेळ पाहिले. नेमके माझ्या मापाचे आहे.

४ डिसेंबर, गुरुवार

तिचा दूरध्वनी. लग्न छान झाले. "राहते अजून. बहीण सोडेना. तुम्ही आहात ना तिथं?"

हो म्हणाले. किती दिवस, ते विचारले नाही.

तिच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. यंत्राला तेल दिले. सुईत दोरा ओवायला अकरा मिनिटे लागली.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी खोलीच्या दाराशी भाऊ. हातात त्याचा कोट. क्षणभर घुटमळला, मग आत आला आणि टोपलीवर बसला.

"ताई, बाही दोन बोटं आखूड करून देतेस?"

कोणती ताई, हे विचारायला हवे होते. जन्मभर प्रत्येक शब्दाची व्याख्या मागत आले. फीत गळ्यातून काढली आणि म्हटले, हात सरळ धर.