मशिदीमागची गल्ली पात्र नाही

तीर्थपुरी, दि. २८ जून २०२४

ती. पुष्पाआत्यांस,
दैवशालाचा शि. सा. न., वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलायचं बळ उरलेलं नाही, म्हणून आपलं पत्रच बरं. सूनबाई सांगत होत्या की तुम्ही कानाचं यंत्र कपाटात ठेवून दिलंय. ठेवा. एवढी वर्षं अंगणवाड्यांवर देखरेख करताना जेवढं ऐकलंत तेवढं पुष्कळ झालं.

इकडे माझी अंगणवाडी चाललीये. सकाळी खिचडी, मग वजनं, मग तेच सगळं मोबाईलमध्ये भरायचं आणि रेंज गेली की परत भरायचं. घरी आले की पाय पसरून बसते, उठावंसं वाटत नाही.

लिहायचं कारण वेगळंच आहे. माझ्याकडे मशिदीमागच्या गल्लीतली पुष्कळ पोरं येतात. घरी सगळी उर्दूच बोलतात. मोठी पोरं रस्त्यावर खेळून मराठी उचलतात, पण गॅरेजवाल्या अतिकची गजाला चार वर्षांची, घराबाहेर फारशी न पडलेली. वर्ष झालं, माझ्यासमोर एक शब्द बोलली नाही. माझं हिंदी ऐकून नुसती हसते. गेल्या आठवड्यात तपासणीला डॉक्टर आले, त्यांनी मराठीत विचारलं, ही गप्प. झालं, मुलीला बोलता येत नाही असं ठरवून जानेवारीत जालन्याला मोठ्या तपासणीला न्या म्हणाले. घरी हीच पोरगी आजीचं डोकं खाते, असं तिची फूफी, म्हणजे आत्या, रजिया शपथेवर सांगते. एकदा मुकी म्हणून शिक्का बसला की शाळेतही तोच तिच्या मागं लागेल, याची मला फार भीती वाटते.

आता ऐकते की त्या गल्लीला वेगळी अंगणवाडी मिळू शकते, उर्दू येणाऱ्या बाईसकट. रजिया बारावी झालेली आहे, उर्दू-मराठी दोन्हींचं लिहिणं-बोलणं चोख. गल्ली पात्र ठरायला काय लागतं ते कळवा.

गुडघ्याला जपा. माया आहे तेवढी राहू द्या, वाढवायचा त्रास घेऊ नका.

तुमची,
दैवशाला


मस्तगड, जालना, दि. ६ जुलै २०२४

चि. दैवशाला हिस,
आत्याचे अ. आ.

यंत्राची चुगली सुनेनं केली का? अगं, त्यात नातवंडांपेक्षा पंख्याचा आवाज जास्त येतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. वस्तीत लहान पोरं पुरेशी हवीत, ती आहेतच. दुसरं म्हणजे, बहुतेक घरांची बोली मराठी नाही हे पाहणीत दिसायला हवं. पाहणीची बाई दारोदार विचारील की घरी काय बोलता, अंगणवाडीत पोरांना कळतं का. लोकांनी खरं आहे तेवढं सांगायचं. पण दारात सरकारी माणूस आला की लोक खरं सोडून समोरच्याला बरं वाटेल ते बोलतात, हे मी जन्मभर पाहिलंय. म्हणून त्या दिवशी तू गल्लीत पाऊल टाकू नकोस. तू समोर असलीस की कोणी तोंड उघडायचं नाही.

जेवणाकडे लक्ष दे. पोरांना खिचडी वाढून स्वतः बिस्किटावर राहतेस, ते मला ठाऊक आहे.

ख्यालीखुशाली कळवत राहा, मी वाट बघते.

तुझी आत्या


तीर्थपुरी, दि. १७ ऑगस्ट २०२४

ती. आत्यांस,
सा. न. वि. वि.

पाऊल टाकू नकोस म्हणालात, पण सेविकेनं सोबत राहावं असा वरून हुकूम आला. राहिले आणि सगळं पाण्यात गेलं.

पहिल्याच दारात बाईंनी विचारलं, घरी काय बोलता. घरवाली माझ्याकडे बघून म्हणाली, मराठीच की. पोरांना कळतं का, तर समदं बराबर कळतं, ताई लई चांगलं शिकवतात. पुढच्या दारात तेच, त्याच्या पुढच्या दारात तेच. एका घरात उर्दूतून जोरात भांडण चाललं होतं, ते थांबवून माणसं बाहेर आली आणि आम्ही मराठी बोलतो म्हणून सांगून आत गेली. मी मध्ये बोलायला गेले तर पाहणीच्या बाईंनी मलाच गप्प केलं. गजालाच्या आजीनं पोरीला पुढं करून नमस्कार करायला लावला. पोरीनं केला, मुकाट.

मागाहून कळलं की ही बदरोद्दीनचाचांची करामत. हे चाचा गाद्या भरतात आणि गल्ली त्यांच्या शब्दाबाहेर नाही. दुसरी अंगणवाडी आली की ताईची नोकरी जाणार, तेव्हा ताईविरुद्ध एक अक्षर बोलायचं नाही, असं त्यांनी आदल्या दिवशी घरोघर बजावलं होतं. मी तणतणत त्यांच्याकडे गेले. नोकरी जात नाही, उलट माझा भार हलका होतो, हे परोपरीनं समजावलं. ते कापूस हातात धरून ऐकत राहिले आणि म्हणाले, "ताई, आमची पोरं तुमच्या हातचं खाऊन मोठी व्हून राह्यली. तुमची बुराई करून आम्हाला काहीच नको."

मला रडू आलं आणि रागही आला. गल्ली पात्र नाही, असं परवा ऑफिसातून कळलं. जानेवारीतली तपासणी तशीच उभी आहे. आत्या, आता मला खरंच कंटाळा आलाय. लोकांनी वाईट वागून काम बिघडवलं तर भांडता येतं, चांगलं वागून बिघडवल्यावर कोणाशी भांडू?

पत्र लवकर टाका, त्याचाच आधार आहे.

दैवशाला


मस्तगड, जालना, दि. २६ ऑगस्ट २०२४

चि. दैवशाला,
अ. आ.

दोन दिवस कर कंटाळा, मग पुरे.

एक वाट उरली आहे आणि ती तुला आवडायची नाही. नुसता विनंतीअर्ज ऑफिसात पडून राहतो, तक्रारीला मात्र उत्तर द्यावं लागतं. सेविकेचं बोलणं मुलांना कळत नाही, तेव्हा फेरपाहणी करा, अशी गल्लीतल्या आईबापांनी सह्यांनिशी तक्रार केली पाहिजे. ती तुझ्या नावानं होईल. तुझ्याकडे खुलासा मागतील, चारचौघांत बोलतील, आणि तो कागद तुझ्या नोकरीला कायमचा चिकटेल. मी कर म्हणत नाही आणि करू नकोसही म्हणत नाही. तू नाही म्हणालीस तरी मी तुला एका शब्दानं बोलणार नाही.

काही ठरव, पण जेवून ठरव.

आत्या


तीर्थपुरी, दि. ३ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यांस,
सा. न. वि. वि.

तक्रार गेली. लिहायला कोणी तयार होईना, तेव्हा मी सांगत गेले आणि रजिया लिहीत गेली. माझ्यावरची तक्रार, माझ्याच ओसरीत, माझाच चहा पिऊन. गजालावर मुकी म्हणून शिक्का बसेल हे ऐकून चाचा नरमले, पण आरंभी ताई फार चांगल्या आहेत असं लिहा, तरच सही करीन, अशी त्यांनी अट घातली. इतकी गोड तक्रार ऑफिसनं जन्मात पाहिली नसेल. सह्या करताना बायका डोळे पुसत होत्या.

ऑफिसनं त्यातलं गोड वाचलंच नाही. खुलासा मागितला. मी तक्रार खरी आहे असं लिहून दिलं. मग ताकीद आली आणि ती मासिक बैठकीत सगळ्या सेविकांसमोर वाचून दाखवली. मी खाली मान घालून बसले होते. सगळं आपणच घडवून आणलेलं, माहीत असलेलं, तरी लागायचं ते लागलंच. घरी येऊन भाकरी गिळवली नाही. रागावू नका.

फेरपाहणी मात्र झाली. त्या दिवशी मी घराचं दार लावून बसले होते.

आशीर्वादाची गरज आहे, तेवढा पाठवा.

दैवशाला


तीर्थपुरी, दि. १९ जानेवारी २०२५

ती. आत्यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं संक्रांतीचं पत्र आणि तिळगूळ पोचला. गल्ली पात्र ठरली. चाचांनी गाद्यांची खोली रिकामी करून दिली आणि रजिया तिथली सेविका झाली. डॉक्टर परत आले तेव्हा गजालाला प्रश्न रजियानं विचारले. मी तिथं नव्हते, पण रजिया सांगते की पोरगी थांबता थांबेना, शेवटी डॉक्टरच बास म्हणाले. जालन्याची तपासणी रद्द झाली.

माझ्याकडची निम्मी पोरं तिकडे गेली. खोली मोठी वाटते, मोबाईल लवकर भरून होतो. एवढं काम कमी झालं तरी दुपारी उठावंसं वाटत नाही ते नाहीच.

परवा वजनकाटा द्यायला तिकडे गेले. गल्लीत शिरतानाच एका पोरीचा आवाज येत होता. कोणाची तरी शेळी पत्र्यावर चढली, तिला उतरवायला आजी गेली, आजीची चप्पल पडली, असं लांबण चाललेलं. दारात जाऊन बघते तर गजाला, हातवारे करून सांगतेय आणि सगळी पोरं हसताहेत. एवढ्या दिवसांत मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

तिनं मला पाहिलं आणि एकदम गप्प झाली. रजियानं तिला जवळ घेऊन सांगितलं की अगं, आपल्याच ताई आहेत, बोल. ती खाली बघत राहिली. माझ्यासमोर बोलायचं नसतं, एवढंच ती माझ्याकडे दीड वर्षात शिकली होती.

मी काटा उंबऱ्यात ठेवला आणि बाहेर पडून भिंतीच्या आडोशाला गेले. थोड्या वेळानं शेळी परत पत्र्यावर चढली. मी उन्हात तिथंच उभी राहून सगळी गोष्ट ऐकली, मग घरी आले.

या खेपेला लोभ जरा जास्तच असू द्या.

तुमची,
दैवशाला